मास्तरांचा मोर

गिरणीत नोकरीला लागून आठवडाही झाला नसेल, तेवढ्यात मी एक खिडकी उघडली.

आता खिडकी उघडणं हा काही गुन्हा नाही. पण ती माधवनगरच्या एका कापडगिरणीतल्या माग खात्याची खिडकी होती, आणि मी होतो साताऱ्याहून आलेला, हिशेब खात्यातला नवाकोरा कारकून. कसलासा कागद सहीसाठी घेऊन आत गेलो होतो. वैशाखाचं ऊन बाहेर रटरटत होतं. आत माग धडधडत होते, आणि हवा अशी दमट की वाळलेला रुमाल खिशात घातला तर ओला होऊन बाहेर यावा. सगळ्या खिडक्या बंद. मला वाटलं, बिचाऱ्या कामगारांना कामाच्या धबडग्यात उघडायचं सुचलं नसेल. मी मुळात परोपकारी माणूस. पुढं झालो आणि सगळ्यात मोठी खिडकी दोन्ही हातांनी लोटली. बाहेरचा कोरडा वारा भसकन आत आला. माझं मलाच कौतुक वाटलं.

थोड्या वेळानं एक माग थांबला. मग त्याच्या शेजारचा. मग पलीकडचा. सुताला ओलसर हवा लागते, कोरडं वारं लागलं की ते तटातट तुटतं, ही गोष्ट त्या खात्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होती. मला मात्र अख्खी रांग गप्प झाल्यावर कळली.

रांगेच्या टोकाकडून एक बुटका, काळासावळा, अनवाणी माणूस चालत आला. अंगात पांढरा शर्ट, खाली खाकी अर्धी विजार. त्यानं आधी खिडकी लावली. मग माझ्यासमोर उभा राहून माझ्या शर्टाचं टोक धरलं, उलटं केलं, खिशातून एक छोटं पितळी भिंग काढून त्यावर ठेवलं आणि वाकून पाहिलं.

“टेरिकॉट,” तो म्हणाला. डॉक्टर ‘कावीळ’ म्हणतात तसं. “तरीच. ह्येला वारं लागलं काय, न लागलं काय, सारखंच. सुती घाल लेका, म्हंजे सुताचं दुखणं कळंल.”

मास्तरांची आणि माझी ओळख ही अशी झाली. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते विणकाम खात्याचे मास्तर. लुगड्याच्या काठावर कोणती नक्षी येणार आणि ती मागावर कशी बसवायची, हे ठरवणारा माणूस. विणकामाची पदविका होती त्यांच्याकडं. ती चौकटीत घालून घरातल्या देवांच्या वर टांगलेली होती. “देव सगळ्यांच्याच घरात असत्यात,” असा त्यावर त्यांचा खुलासा.

अनवाणी का फिरायचे? तर कोणता माग आजारी आहे हे त्यांना तळव्यांना कळायचं. जमिनीतून येणारा ठोका ऐकत चालायचे आणि मध्येच एखाद्या मागापाशी थांबून म्हणायचे, “ह्यो खोकतोय.” आणि तो खरोखरच बिघडलेला असायचा. आता शंभरातला एखादा माग कधी ना कधी बिघडणारच, असं आमच्या खात्यातले लोक म्हणत. पण हे म्हणताना ते आवाज खाली आणत.

ते पितळी भिंग म्हणजे कापडातले दोरे मोजायचं हत्यार. मास्तर ते कशालाही लावत. एसटीची पाटी त्यातून वाचत. डाळीतले खडे त्यातून बघत. एकदा जेवताना चपातीवर ठेवून बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, म्हणाले, “हिच्यात बाणा कमी पडलाय.”

बाणा म्हणजे आडवा धागा. उभा तो ताणा. काकूंची हयात हे ऐकण्यात गेलेली. वर मान न करता म्हणाल्या, “मग आज नुसता ताणा खावा.”

आम्ही त्यांच्या शेजारच्याच खोल्यांत राहायला गेलो. माझं लग्न नुकतंच झालं होतं. बायको वाईकडच्या खेड्यातली. पहिल्याच संध्याकाळी मास्तर आमच्याकडं आले, चहा घेतला आणि आमच्या नव्या पलंगपोसाचा कोपरा उलटा करून बघितला. उलटी बाजू बघणं हा त्यांचा नाद होता. कुणाकडंही गेले की पडदा उलटा, चादर उलटी, गालिचा उलटा. “फुडची बाजू लोकांसाठी असतीया,” म्हणायचे. “मालकाचा सभाव मागं दिसतोय.” ते गेल्यावर बायकोनं घाईघाईनं सगळ्या उशांचे अभ्रे उलटून तपासले. आम्ही पुढं बरेच दिवस पाहुणे येणार म्हटलं की घराची मागची बाजू आवरत असू.

या नादापायी त्यांनी एक लग्न जमवलं. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. त्या काळी मुलीनं विणलेलं, भरलेलं सगळं बैठकीत मांडून ठेवायची पद्धत होती. टेबलावर रुमाल, भिंतीवर चौकटीत पोपट, खुर्चीच्या पाठीला हरणं. बाकीची मंडळी मुलीला नाव-गाव विचारत होती. मास्तरांनी खुर्चीवरचं हरीण उचललं, उलटं केलं आणि भिंग लावलं. मुलीचा बाप घाबरा झाला. मास्तरांनी बराच वेळ पाहिलं, हरीण जागच्या जागी ठेवलं आणि जाहीर केलं, “ठरलं. मागं एक गाठ न्हाई.” पत्रिका कुणी काढलीच नाही. ती सून पुढं इतकी नेटकी निघाली, की मास्तरांना गावोगाव हरणं तपासायला बोलावणी येऊ लागली.

आता त्यांच्या शपथांविषयी सांगितलं पाहिजे, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

मास्तर मूळचे कडेगावकडचे. घरचा ऊस. एक भाऊ पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला. तो शेती बघायचा. एकदा बांधावर दोघांची बाचाबाची झाली आणि मास्तर बोलून गेले, “तुझ्या उसाचं गोड माझ्या तोंडात जानार न्हाई.” कोणीही असं बोलतो आणि दिवाळीला विसरतो. मास्तरांनी घरी येऊन गूळ बंद केला. मग त्यांच्या लक्षात आलं, की भावाचा ऊस साखर कारखान्यात जातो. झालं, साखरही बंद. काकूंनी समजावलं, की कारखान्यात हजार लोकांचा ऊस येतो. मास्तर म्हणाले, “पोत्यावर लिवलेलं असतंय व्हय कुणाच्या उसाची ती?” मी त्यांना ओळखतो तेव्हापासून ते कोरा, अगोड चहा पीत. लाडवाकडं, जिलबीकडं अशा नजरेनं बघत की समोरच्याच्या घशाखाली घास उतरू नये. पण खाल्लं नाही. माणूस बोलला की बोलला.

म्हणून त्या वर्षी गणपतीच्या मिटिंगमध्ये ते बोलले, तेव्हा मला त्यांचा तो अगोड चहा आठवला.

गिरणीच्या आवारात आमचा गणपती बसायचा. रोषणाई दरवर्षी सांगलीतला एक लायटिंगवाला करायचा. त्याच्याकडं एक रोलर होता. म्हणजे लाकडाचं गोल लाटणं, त्यावर पितळेचे तुकडे ठोकलेले. मोटारीवर ते फिरलं की पितळेला तारा टेकायच्या, सुटायच्या आणि दिव्यांच्या माळा लागायच्या, विझायच्या. त्या काळी लोक एवढ्यासाठी चालत यायचे. त्या वर्षी मात्र विश्रामबागेतल्या मंडळानं त्याला आधीच गाठलं. तो आला तोच आम्हाला नाही म्हणायला. शिवाय जाता जाता उपदेश करायला लागला, की साध्या माळा सोडा यंदा, तेवढंच तुम्हाला जमंल.

मास्तर म्हणाले, “आमी मोर करनार. पीस-पीस करून पिसारा फुलवनारा.”

लायटिंगवाला हसला. “मास्तर, रोलरवर तीन-चार प्रकार होत्यात. पिसारा कुठनं फुलतोय? आवं, ह्यो काय लुगड्याचा काठ हाय व्हय?”

सगळे हसले. मीही हसलो असेन. गर्दीत मी नेहमी हसतो. मास्तर उठून उभे राहिले.

“लुगड्याचा काठच हाय त्यो. फक्त सुताच्या जागी तार. गणपती बसंल त्या सांजच्याला, आरती संपायच्या आत माझा मोर पिसारा फुलवंल. न्हाई फुलवला, तर दुसऱ्या दिशी मास्तर ह्या गिरणीत पाऊल टाकनार न्हाई.”

हसणं थांबलं. मॅनेजरसाहेब मुंबईहून आलेले, त्यांना साखरेची गोष्ट माहीत नव्हती. ते म्हणाले, “वा, वा! असा उत्साह हवा.”

काकू त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, “तीन वर्सं ऱ्हायली व्हती गं पोरी रिटायरला. क्वार्टर गिरणीची. ती गेली तर जायाचं कुठं? गावाकडं जावं, तर तितं भावाच्या ताटात जेवाया लागंल. त्ये जेवनार न्हाईत. त्ये उपाशी मरतील, पर जेवनार न्हाईत.”

बायकोनं त्यांना चहा दिला. काकूही बिनसाखरेचा प्यायच्या. नवऱ्याची शपथ अर्धी बायकोलाही लागतेच.

मास्तरांना मात्र कसली फिकीर नव्हती. भंगारात पडलेली एक जुनी डॉबी त्यांनी उचलून आणली. डॉबी म्हणजे मागाच्या डोक्यावर बसणारी पेटी. तिच्यातून लाकडी पट्ट्यांची एक साखळी फिरते. पट्ट्यांना भोकं. ज्या भोकात लाकडी खुंटी बसवाल, ती खुंटी आपली दांडी वर उचलते. मागावर त्या दांडीबरोबर दोरे उचलले जातात आणि काठावर नक्षी उमटते. मास्तरांची युक्ती अशी, की साखळी फिरवायला एक मोटार, आणि दांड्यांच्या वर एक लाकडी फळी आणि तिला पितळी जिभा. दांडी वर गेली की तिची जीभ तिला टेकणार आणि तिची माळ लागणार. डॉबीला दांड्या सोळा, म्हणून मोराच्या पिसाऱ्यात पिसं सोळा.

व्हरांड्यात बसून ते कागदावरच्या चौकोनांकडं बघत खुंट्या ठोकत. माझ्याकडं काम होतं वाकड्या खुंट्या वेगळ्या काढायचं. हिशेब खात्यातला माणूस म्हणून हे काम मला दिलं होतं, आणि दोन दिवसांत काढूनही घेतलं. त्यांचं म्हणणं, मी सरळ खुंट्या बाजूला काढत होतो.

तारा जोडायचं काम गिरणीचे वायरमन कांबळे यांच्याकडं. कांबळे शांत माणूस. घाई करणाऱ्याला वीज धरते, एवढं एकच तत्त्व मानणारा. कोणती दांडी कोणत्या पिसाला जोडायची, यावर दोघांची रोज जुंपायची.

“मास्तर, वायर सगळी काळी. कुठली कुठं गेली ह्येचा पत्ता लागत न्हाई.”

“मग वळख ठेव की.”

“सोळा काळ्या म्हशींत वळख काय ठेवू?”

मास्तरांनी रंगीत सुताच्या सोळा लडी आणल्या आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचा दोरा बांधला. “हितनं मोरपंखी गेला, तितं मोरपंखीच निघाला पायजे. वई भरल्यागत.” वई भरणं म्हणजे मागावरचा एकेक दोरा आपापल्या फटीतून ओवणं. डाव्या टोकाच्या पिसाला पहिली दांडी, उजव्या टोकाच्या पिसाला सोळावी; मास्तर एकेक दोरा धरून मंडपाच्या छतापर्यंत नजर नेत, आणि पोहोचला की “आला!” म्हणून ओरडत. बघणाऱ्यांना वाटायचं, पाहुणा आला.

झिरोचे बल्ब निळ्या-हिरव्या रंगात बुडवून वाळत घातले होते. पावसाळी हवेत ते वाळता वाळेनात. त्यामुळे पुरा मोर लावून बघायला मिळालाच नाही. आदल्या दिवशी फक्त एक माळ जोडून पाहिली. ती लागली, विझली, परत लागली. मास्तर समाधानानं म्हणाले, “झालं. एक लागली की सोळा लागत्यात.”

गणपती बसला. संध्याकाळी सगळं आवार माणसांनी भरलं. विश्रामबागेतलं काम उरकून लायटिंगवालाही मुद्दाम आला होता आणि पुढंच उभा होता. गणपतीच्या मागं उंच बांबूंवर मोर. त्याच्याही मागं पडदा, आणि पडद्याआड टेबलावर डॉबी, मास्तर, कांबळे आणि हातात बॅटरी धरून मी. मला काही करू द्यायचं नाही, असं ठरवूनच बॅटरी दिली होती.

भटजींनी निरांजन पेटवलं. मास्तर म्हणाले, “सोड.” कांबळेंनी बटण दाबलं.

बाहेर एकदम “वा!” झालं. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. सगळा पिसारा झळाळत होता. पण तो एकदम झळाळत होता. मग डाव्या टोकाचं पीस विझलं. मग दुसरं. मग तिसरं. एकेक करत सगळी पिसं गळाली, आणि मोराचं अंग तेवढं शिल्लक राहिलं. ते डॉबीला जोडलेलंच नव्हतं, कायम पेटलेलं. पिसं उपटलेली कोंबडी बाजारात टांगावी तसा तो मोर गणपतीच्या डोक्यावर उभा राहिला. आणि तसाच उभा राहिला. मास्तरांनी फुललेला पिसारा लोकांना डोळे भरून बघता यावा म्हणून खूप वेळ थांबेल अशी सोय केली होती. तो सगळा वेळ आता या टकल्या मोराला मिळाला.

“मास्तर, मोराला रोग लागला!” कुणीतरी ओरडलं. त्यावर लायटिंगवाल्याचा आवाज आला, “म्हणलं नव्हतं? काठ न्हाई ह्यो लुगड्याचा!”

हशा पिकला. पुढच्या रांगेत काकू उभ्या होत्या. त्या हसणाऱ्या गर्दीत एकट्या न हसणाऱ्या. त्यांचा पदर त्यांनी मुठीत घट्ट आवळला होता.

मी मास्तरांकडं वळलो. माणूस खचला असेल, धीर द्यावा, असा विचार. मास्तर डॉबीवर वाकून खुंट्यांच्या साखळीला भिंग लावून बसले होते. मग ताठ झाले. त्यांच्या तोंडावर चक्क आनंद.

“आरं तिच्या! पालथा इणला की म्या ह्यो!”

मला काही कळेना. त्यांनीच घाईघाईत सांगितलं, ते असं. नक्षीचं कापड मागावर पालथं विणतात. सुलट बाजू खाली, उलटी वर. तसं केलं की थोडे दोरे उचलावे लागतात आणि माग हलका चालतो. म्हणून नक्षी जिथं दिसायला हवी तिथं खुंटी नसते. जिथं नको तिथं असते. तीस वर्षं मास्तरांच्या बोटांनी तशाच खुंट्या ठोकल्या होत्या. मोराच्या वेळी डोकं पिसाऱ्यात गुंतलेलं, आणि बोटांनी आपलं नेहमीचं काम करून टाकलं. जिथं दिवा लागायचा तिथं विझत होता, विझायचा तिथं लागत होता.

“कापडात खोट न्हाई,” मास्तर अभिमानानं म्हणाले. “बगनारी मानसं चुकीच्या बाजूला हैत.”

“मोटार उलटी फिरवू?” मी विचारलं.

“डॉबी उलटी फिरत न्हाई. तू बॅटरी धर.”

“सगळ्या खुंट्या बदलायला दोन दिवस लागतील,” मी म्हणालो.

“खुंट्याला हात लावतंय कोन? कांबळे, वीज तोड. जिभांची फळी वरनं काढ आन दांड्यांच्या खाली बशीव. दांडी बसलेली असंल तवा टेकंल, उठली की सुटंल. म्हंजे उलट्याचं सुलट.”

कांबळेंनी फळी एकदा नजरेनं मापली आणि बटण बंद केलं. मोर गेला. बाहेर अंधार-उजेडात नुसती निरांजनं. आणि आरती सुरू झाली.

गणपतीची आरती केवढी असते? आम्ही एका बाजूचा स्क्रू काढेपर्यंत ती संपली. मागोमाग शंकराची झाली. भटजींना पुढं आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. देवीची झाल्यावर त्यांनी ताम्हनातली फुलं वाटायला घेतली. फुलं हातात आली की मंत्रपुष्पांजली, आणि ती झाली की आरती संपली. आरती संपली की मास्तरांची नोकरी संपली. भटजींनी घसा साफ केला.

तेवढ्यात बायकांतून एक खणखणीत आवाज उठला. विठोबाची आरती. आवाज ओळखीचा वाटला. तो माझ्या बायकोचा होता. दुसऱ्या ओळीला काकूंनी तो उचलला, तिसरीला सगळ्या बायकांनी. देवाची आरती मध्येच कोण तोडणार? भटजी फुलं हातात धरून टाळ्या वाजवू लागले.

आत फळी खाली बसली. पण फार खाली बसली, जिभा दांड्यांना पोचेनात. मास्तरांनी टेबलाखालच्या, सूत गुंडाळायच्या दोन रिकाम्या बॉबिनी उचलून फळीच्या दोन टोकांखाली सारल्या. मग एकेक जीभ बोटानं वाकवून दांडीला टेकवायची. “उजेड! उजेड हिकडं! सातारकर, ही बॅटरी हाय का पाळणा?” बाहेर विठोबा झाला, भटजींनी परत घसा साफ केला, आणि दत्त सुरू झाला. मग मारुती. मग ज्ञानेश्वर. मग खंडोबा. खंडोबाला मॅनेजरसाहेबांनी टाळ्यांचा हात बदलून पाहिला. घंटा वाजवणारा बसला आणि दुसरा उभा राहिला. मग जोतिबा. जोतिबानंतर असे देव यायला लागले, की जे मी कधी ऐकले नव्हते. वाईकडच्या कुठल्या ओढ्याकाठची देवी, कुठल्या खिंडीतला म्हसोबा. चाल प्रत्येकाची तीच, फक्त देव नवीन. बाकीच्या बायका शेवटचा शब्द तेवढा मोठ्यांदा म्हणत होत्या.

“अजून किती जिभा?” मी विचारलं.

“तुझ्या तोंडातली धरली तर एक जास्त,” मास्तर म्हणाले. “ती तेवढी बंद ठेव.”

शेवटची जीभ टेकली. मास्तरांनी साखळी हातानं पुढं फिरवून पहिल्या पट्टीवर आणली. मास्तर म्हणाले, “सोड!” कांबळे बटणावर हात ठेवून तसेच उभे. “आधी हात काढा. सगळ्यांचे. सायेब, तुमचा बी.” मी हात काढला. तो टेबलावर का ठेवला होता मलाही माहीत नव्हतं.

बटण दाबलं. डॉबी खट्‌ झाली. मी फटीला डोळा लावला.

मोराचं अंग उजळलं. पिसारा काळा. बाहेरची आरती अडखळली. खट्‌. डाव्या टोकाचं एक निळं पीस उभं राहिलं. खट्‌. दुसरं. एक पोर ओरडलं, “फुलाय लागला!” खट्‌, खट्‌, खट्‌, पीस-पीस करत तो पिसारा त्या आवारावर उघडत गेला, आणि शेवटचं पीस लागलं तेव्हा लोकांनी आरती, टाळ्या, देव सगळं सोडून एकच गलका केला. मंडपाशी बसलेल्या बँडवाल्यांनी न सांगता सुरुवात केली. आणि तो फुललेला पिसारा थांबला. मास्तरांनी ठरवला होता तेवढा सगळा वेळ, डोळे भरून, थांबला.

गलका जरा उतरल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की आरती अजून चालूच आहे. माझी बायको एकटी, डोळे मिटून, त्या खिंडीतल्या म्हसोबाचं शेवटचं कडवं पुरं करत होती. देव अर्धवट सोडायचा नाही, हे तिचं. ते संपलं. भटजींनी सुटकेचा श्वास टाकून मंत्रपुष्पांजली म्हटली. आरती संपली. मोर फुललेला होता.

लोकांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं. लायटिंगवाला पडद्याआड आला, डॉबीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, “मास्तर, असली एक फुडच्या वर्षी मला बी द्या की बनवून.”

“देतो की,” मास्तर वरूनच म्हणाले. “पर ती लुगड्याचा काठ इणती. तुला चालंल का?”

पुढचे दहा दिवस विश्रामबागेतून, सांगलीतून, पार आष्ट्याकडून लोक बैलगाड्या करून मोर बघायला आले. मास्तर मात्र एकदाही समोर उभे राहिले नाहीत. रोज संध्याकाळी मंडपाच्या मागं, जिथं नुसत्या काळ्या तारा आणि त्यांना बांधलेले रंगीत दोरे दिसत, तिथं स्टूल टाकून बसत. मी म्हटलं, “मास्तर, एकदा पुढून तरी बघा.” ते म्हणाले, “फुडनं काय बगायचं? फुडनं समद्यांचंच बरं दिसतंय.” आणि परत मान वर करून त्या तारांकडं बघत बसले. तीन वर्षांनी ते रिटायर झाले, ते ह्याच गिरणीतून.

पहिल्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आम्ही नवरा-बायको घरी चाललो होतो. मी हवेत होतो. जिभा कशा वाकवल्या, बॉबिनी कशा सारल्या, उजेड नेमका कुठं पाडावा लागतो, हे सगळं मी तिला सविस्तर सांगितलं. मग म्हणालो, “मी मॅनेजरसाहेबांना बोलून आलोय. पुढच्या वर्षी कारंजं करायचं. रंगीत, वरून खाली पडणारं. नाही जमलं तर मिशी काढीन म्हटलं, सगळ्यांच्या देखत.”

ती काहीच बोलेना. मला वाटलं, अभिमानानं गप्प आहे. दाराशी आल्यावर कुलूप काढता काढता ती बोलली, तेव्हा कळलं की तिचा घसा पार बसला होता. कसाबसा आवाज काढत ती म्हणाली,

“करा कारंजं. पण इथून पुढं बोलायच्या आधी मला विचारत जा. माझ्याकडं आता एकच देव उरलाय.”